नवी कार घेताना लागणारे जादा पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर नवी खाजगी कार घेणाऱ्यांसाठी आहेत. शोरूममध्ये हातात पडणाऱ्या कोटेशनवर दहा-पंधरा ओळी असतात. बहुतेक जण फक्त तळातली बेरीज बघतात आणि तिच्यावर घासाघीस करतात. बेरीज बाजूला ठेवा आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच विचारा: हा पैसा शेवटी कुणाकडे जाणार आणि त्याची पावती मला कोण देणार? सरकारकडे जात असेल तर सरकारी पावती मिळते, विमा कंपनीकडे जात असेल तर पॉलिसी मिळते. डीलरकडे राहत असेल तर त्या बदल्यात एखादी वस्तू किंवा सेवा मिळायला हवी, आणि तीही आपण मागितलेली. यातलं काहीच लागू पडत नसेल तर ती ओळ खोडायला सांगायची.

एक्स-शोरूम किमतीत नेमकं काय काय येतं?

गाडीची मूळ किंमत, तिच्यावरचा जीएसटी, कारखान्यापासून शोरूमपर्यंतची वाहतूक आणि डीलरचं मार्जिन. शेवटच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, कारण त्याच पुढे वेगळ्या नावाने पुन्हा मागितल्या जातात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत इंजिनाच्या पेट्रोल, सीएनजी गाड्यांना, तसंच चार मीटरपर्यंतच्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो. त्यापेक्षा मोठ्या गाड्यांना ४० टक्के. इलेक्ट्रिक गाड्यांना ५ टक्के. पूर्वी २८ टक्क्यांवर जो वेगळा उपकर लागायचा तो गेला. हा कर किमतीत आधीच धरलेला असतो, त्यामुळे कोटेशनमध्ये एक्स-शोरूमच्या खाली गाडीवरचा जीएसटी पुन्हा दिसला तर तिथेच थांबवा.

कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं शहर निवडलं की त्या मॉडेलची आणि व्हेरियंटची किंमत दिसते. शोरूमला जाण्याआधी ती मोबाइलवर साठवून ठेवा. कोटेशनमधला पहिला आकडा तिच्याशी जुळलाच पाहिजे.

महाराष्ट्रात रोड टॅक्स किती लागतो?

कोटेशनमध्ये एक्स-शोरूमनंतरची सगळ्यात मोठी रक्कम हीच असते. खाजगी गाडीला हा कर एकदाच भरायचा असतो. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि २० लाखांच्या पुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांत १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजी आणि एलपीजीला पूर्वी ७, ८, ९ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून तो एक-एक टक्क्याने वाढला. त्याच वेळी एका गाडीवरच्या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली.

टप्पा बदलला की वाढीव टक्केवारी पूर्ण किमतीवर लागते, फक्त वरच्या रकमेवर नाही. ९ लाख ९५ हजारांच्या पेट्रोल गाडीचा कर १,०९,४५० रुपये होतो. १० लाख १० हजारांच्या गाडीचा १,२१,२०० रुपये. किमतीत फरक १५ हजारांचा, करात पावणेबारा हजारांचा. दोन व्हेरियंटमध्ये मन अडकलं असेल तर हा हिशोब आधी करा.

गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर पेट्रोल आणि डिझेलला सरसकट २० टक्के कर आहे. धंद्याच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो असंही काही जण सांगतात. नेहमीच्या वापराच्या प्रवासी कारवर तो परतावा सहसा मिळत नाही. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल, गाड्यांची खरेदी-विक्री अशा व्यवसायांनाच मुभा आहे. तेव्हा आपल्या सीएला विचारल्याशिवाय कंपनीच्या नावाचा विचार करू नका.

एकदा पूर्ण हिशोब करून दाखवाल का?

१२ लाख एक्स-शोरूमची, १००० ते १५०० सीसीमधली पेट्रोल गाडी, कर्जावर घेतली असं धरू.

रोड टॅक्स १२ टक्क्यांनी १,४४,०००. नोंदणी शुल्क ६००. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढवण्याचे १,५००. स्मार्ट कार्डाचे २००. टीसीएस, म्हणजे डीलरने गोळा करायचा १ टक्का आयकर, १२,०००. इथपर्यंत १३,५८,३०० रुपये झाले. टपालखर्चासारखी एखादी किरकोळ रक्कम सोडली तर यातली प्रत्येक रक्कम कागदावर पडताळता येते.

यावर विमा. त्यातला तीन वर्षांचा थर्ड पार्टी भाग (आपल्या गाडीमुळे झालेल्या इतरांच्या नुकसानीची भरपाई) १०,६४० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,५५५ रुपये. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि त्यावरची अ‍ॅड-ऑन्स (जादा संरक्षणं) कंपनीगणिक बदलतात, म्हणून तो आकडा आपण बाहेरून काढायचा. मग फास्टॅग. संपलं. याखाली आणखी ओळी असतील तर त्या सगळ्या डीलरच्या आहेत, आणि पुढची बरीच उत्तरं त्यांच्याबद्दलच आहेत.

आरटीओचं खरं शुल्क एवढं कमी आहे? मग कोटेशनमध्ये "रजिस्ट्रेशन" म्हणून आठ-दहा हजार का लावतात?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत हलक्या खाजगी गाडीच्या नोंदणीचं शुल्क ६०० रुपये आहे आणि बोजा नोंदवण्याचं १,५००. परदेशातून आयात केलेल्या गाडीचं शुल्क वेगळं आणि जास्त असतं, ती गोष्ट निराळी. बाकीचा पैसा एजंट, फाइल, धावपळ या नावांखाली लावला जातो.

कारखान्यातून पूर्ण बांधून आलेली कार पासिंगसाठी आरटीओच्या मैदानावर न्यायची गरज आता राहिलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने आपल्याच राज्यात विकलेल्या नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करण्याची जबाबदारी डीलरवरच टाकली आहे. अर्ज शोरूममध्ये बसून ऑनलाइन होतो. जे काम कायद्याने डीलरनेच करायचं, त्यासाठी ग्राहकाकडून एजंटचे पैसे घेणं मला तरी कुठल्याच बाजूने पटत नाही.

रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क भरल्याची ऑनलाइन पावती निघते. तिच्यावर प्रत्येक रक्कम सुटी छापलेली असते. ती पावती मागा आणि कोटेशनशेजारी ठेवून ताडून बघा. नोंदणीच्या नावाने घेतलेली रक्कम आणि पावतीवरची रक्कम यांत फरक असेल तर तेवढे पैसे परत मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हँडलिंग चार्जेस द्यावेच लागतात का?

नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो. हँडलिंग चार्जेस नावाचा कोणताही सरकारी कर किंवा शुल्क नाही. गाडी डेपोतून शोरूमपर्यंत आणणं, धुऊन पुसून तयार करणं, डिलिव्हरीआधीची तपासणी करणं हा विक्रीचाच भाग आहे आणि त्यासाठी डीलरला कंपनीकडून मार्जिन मिळतं. तोच खर्च ग्राहकाकडून दुसऱ्यांदा घेतला जातो. रक्कम काही हजारांपासून सुरू होते आणि गाडी जितकी महाग तितकी ती फुगते. काम मात्र तेच असतं.

नाव बदलून येतो तेव्हा ओळखायला अवघड जातो. लॉजिस्टिक्स, डेपो चार्जेस, इन्सिडेंटल, फॅसिलिटेशन, सर्व्हिस चार्ज, फाइल चार्ज, मिसलेनियस, कधी नुसतं "अदर्स". कधी तो वेगळा दाखवतच नाहीत, रजिस्ट्रेशनच्या किंवा विम्याच्या रकमेत मिसळतात. म्हणूनच ओळींच्या फोडीचा एवढा आग्रह धरायचा.

शोरूममध्ये आवाज चढवायची गरज नाही. शांतपणे म्हणा: "साहेब, ही ओळ कंपनीच्या किंमतपत्रकात असेल तर मला दाखवा. नसेल तर ती कशासाठी आहे ते लिहून, सही-शिक्का मारून द्या." बहुतेक ठिकाणी या दोन वाक्यांवरच रक्कम कमी होते किंवा निघून जाते, कारण लेखी द्यायला कुणी तयार नसतं. नाहीच ऐकलं तर कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला डीलरचं नाव आणि कोटेशनचा फोटो जोडून ईमेल करा. त्याच कंपनीचा दुसरा डीलर शहरात असेल तर त्याच्याकडूनही कोटेशन घ्या.

एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: "सगळेच घेतात, तुम्ही कुठेही जा." सगळे घेतात म्हणून ती रक्कम वैध होत नाही.

टीसीएस म्हणजे काय? तो पैसा गेलाच का?

गेला नाही, तो तुमचाच आहे. गाडीची किंमत १० लाखांच्या वर असेल तर डीलरला पूर्ण किमतीवर १ टक्का आयकर गोळा करून सरकारकडे भरावा लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या वार्षिक कर विवरणात (२६एएस) दिसतो. विवरणपत्र भरताना तो तुमच्या करातून वजा होतो, कर कमी बसत असेल तर परतावा मिळतो. पगारदार माणूस तो आपल्या कार्यालयात कळवून पगारातल्या टीडीएसमध्येही वळवून घेऊ शकतो.

दोन गोष्टी तपासा. मर्यादा गाडीच्या विक्री किमतीला आहे. विमा आणि रोड टॅक्स धरून ऑन-रोड आकडा १० लाखांच्या पुढे गेला म्हणून टीसीएस लागत नाही. आणि पॅन बरोबर दिलाय ना ते बघा, कारण पॅन नसेल तर दर वाढतो. विवरणपत्र न भरणारी कितीतरी माणसं, विशेषतः निवृत्त मंडळी, हे बारा-पंधरा हजार सोडून देतात. आईवडिलांच्या नावावर गाडी घेतली असेल तर त्या वर्षीचं विवरणपत्र आठवणीने भरा.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का?

नाही. विमा कुठल्याही मान्यताप्राप्त कंपनीकडून, एजंटकडून किंवा ऑनलाइन घेता येतो. डीलरने ग्राहकावर ठरावीक पॉलिसीची सक्ती करू नये यासाठी विमा नियामकाने २०१७ मध्ये नियमही केले आहेत.

तरी सक्ती होते, आणि ती भीती घालून होते. "बाहेरची पॉलिसी असेल तर कॅशलेस मिळणार नाही." कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणं, हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर असतं. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या शहरातली कॅशलेस गॅरेज पाहता येतात. तुम्ही जिथे सर्व्हिसिंग करणार ते वर्कशॉप त्या यादीत आहे का ते बघा, विषय मिटला. "वॉरंटी जाईल" हेही सांगतात. विमा बाहेरून घेतल्याने कंपनीची वॉरंटी जात नाही.

बाहेरून विमा घ्यायला इंजिन नंबर आणि चॅसी नंबर लागतो. गाडी तुमच्या नावाने अलॉट झाली की तो मागून घ्या. काही ठिकाणी तो मुद्दाम शेवटच्या दिवसापर्यंत देत नाहीत, मग नाइलाजाने त्यांचीच पॉलिसी घ्यावी लागते. म्हणून बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा की विमा मी स्वतः घेणार.

आता दुसरी बाजू. पुष्कळदा डीलर म्हणतो, विमा आमचा घेतलात तरच अमुक इतका डिस्काउंट. तेव्हा तत्त्व बाजूला ठेवून बेरीज करा. बाहेरची पॉलिसी १५ हजारांनी स्वस्त असेल आणि डिस्काउंट २५ हजारांचा असेल तर शोरूमची पॉलिसी घेण्यात काहीच चूक नाही. मात्र दोन्ही पॉलिसींत आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर मिळणारी कमाल रक्कम) आणि अ‍ॅड-ऑन्स सारखी आहेत ना ते बघा. नव्या गाडीची आयडीव्ही साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ती खाली ओढून प्रीमियम स्वस्त दाखवला असेल तर गाडी चोरीला गेल्यावर तोटा तुमचा.

विमा किती वर्षांचा घ्यायचा?

थर्ड पार्टी तीन वर्षांचा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारना हा नियम लागू झाला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा पुरतो. "तीन वर्षांचं पॅकेजच घ्यावं लागतं" हे खरं नाही.

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, ते सगळ्या कंपन्यांचे सारखेच असतात. जून २०२२ मध्ये ठरलेले तीन वर्षांचे दर असे: १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १५०० सीसीपर्यंत १०,६४०, त्यापुढे २४,५९६, आणि वर जीएसटी. या भागात कुणीही तुम्हाला सूट देऊ शकत नाही. घासाघीस करायची ती ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, आणि अ‍ॅड-ऑन्सवर.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही लागतो. पण तुमच्याकडे तेवढ्या रकमेची अपघात पॉलिसी आधीच असेल तर तसं लिहून द्या, दुसऱ्यांदा पैसे भरायची गरज नाही. झिरो डेप (सुट्या भागांची झीज वजा न करता भरपाई देणारं संरक्षण) पहिली काही वर्षं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, विशेषतः मुंबई-पुण्याच्या गर्दीत गाडी चालवणार असाल तर. समुद्राकाठी किंवा पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्टही घ्या. किल्ली हरवण्याचं, सामान चोरीचं वगैरे तुमच्या इच्छेवर.

जुनी गाडी विकून नवी घेतोय. नो क्लेम बोनस जातो का?

जात नाही. दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी ही सूट गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकल्याचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. बोनस ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि तो नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियममधून कमी होतो, म्हणजे हजारोंची बचत. एक्सचेंजमध्ये गाडी देताना सेल्समन याचा विषय काढेलच असं नाही, आपणच काढायचा.

इसेन्शियल किट आणि अ‍ॅक्सेसरीज नको म्हटलं तर गाडी देणार नाहीत असं सांगतात.

एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हणून नोंदवलेलं आहे. हे वाक्य शोरूम मॅनेजरला सांगितलं तरी पुरतं.

मागणी जास्त आणि वेटिंग मोठं असलेल्या मॉडेलला हा प्रकार जास्त चालतो. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर, डोअर व्हायझर असं सगळं एकत्र बांधून एकच किंमत सांगतात. सुटं मागा, प्रत्येक वस्तूची एमआरपी विचारा. त्याच कंपनीचं जेन्युइन सामान दुसऱ्या दुकानातही मिळतं आणि सीट कव्हर तर शहरातल्या कुशन मेकरकडून मापात शिवून मिळतात. वायरिंगला हात लावावा लागेल अशा गोष्टी, म्हणजे कॅमेरा, हॉर्न, जादा लाइट, मात्र शोरूममधूनच करा. बाहेरून वायर कापली गेली तर इलेक्ट्रिकल वॉरंटीचा वाद निघतो.

सिरॅमिक, टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग हे सगळं ऐच्छिक. डिलिव्हरीच्या दिवशी "करून टाकलंय साहेब" म्हणून बिलात दिसलं तर पैसे देऊ नका. कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी उपयोगाची असते, पण ती त्याच दिवशी घ्यायलाच हवी असं नाही. मूळ वॉरंटी चालू असताना सहसा नंतरही मिळते, फक्त किंमत वाढू शकते.

फास्टॅग आणि नंबरप्लेटचे पैसे वेगळे का?

१ डिसेंबर २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या चारचाकीला फास्टॅग लावूनच द्यावा लागतो. त्याच्या नावाने घेतलेल्या रकमेत काही भाग टॅगचं शुल्क, काही परत मिळणारं डिपॉझिट आणि काही तुमचा स्वतःचा बॅलन्स असतो. फोड विचारा आणि खात्यात बॅलन्स आला का ते बघा. टॅगला मोबाइल नंबर तुमचाच जोडलेला हवा, सेल्समनचा नको.

उच्च सुरक्षा नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांसोबत कंपनीनेच डीलरमार्फत पुरवायची आहे. जुन्या गाड्यांना ती बसवण्यासाठी जे शुल्क भरावं लागलं, त्याचा दाखला देऊन नव्या गाडीला पैसे मागत असतील तर कंपनीकडे विचारणा करा.

मुंबईत अजून जकात लागते का?

नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच ती बंद झाली.

पाडव्याला किंवा दसऱ्याला डिलिव्हरी हवी आहे. काय काळजी घ्यावी?

मुहूर्ताच्या दिवशी घरची मंडळी नटूनथटून, हार आणि पेढे घेऊन शोरूममध्ये येतात. त्या क्षणी चार-पाच हजारांच्या ओळीवरून वाद घालायला कुणालाच नको वाटतं, आणि नेमक्या त्याच क्षणी शेवटचं बिल पुढे येतं. म्हणून पैशाचा सगळा हिशोब मुहूर्ताच्या निदान चार दिवस आधी संपवा. टॅक्स इन्व्हॉइस, पॉलिसी, टॅक्सची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आधी मागून वाचा. गाडीची तपासणीही आदल्या दिवशी, उजेडात करा. मुहूर्ताला फक्त किल्ली घ्यायची.

नंबर पडण्याआधी गाडी घेऊन जा असं कुणी म्हटलं तर तयार होऊ नका. तात्पुरती किंवा कायम, कुठलीतरी नोंदणी झाल्याशिवाय डीलरने गाडी ताब्यात देणंच नियमात बसत नाही. अशा गाडीला रस्त्यात काही झालं तर विमा कंपनीही हात झटकू शकते.

बुकिंगनंतर किंमत वाढली तर कोण भरणार?

बहुतेक बुकिंग फॉर्मवर "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि सही केली की ते मान्य झालं. कंपन्या जानेवारीत बऱ्याचदा दर वाढवतात, तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बुक करताना हे आठवणीत ठेवा. हेच कलम उलट्या बाजूनेही चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला तेव्हा आधी बुक केलेल्या पण नंतर बिल झालेल्या गाड्यांना कमी दर लागला.

फॉर्मवर चार गोष्टी हाताने लिहून घ्या: व्हेरियंट आणि रंग, अपेक्षित डिलिव्हरीची तारीख, ठरलेला डिस्काउंट, आणि बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत मिळणार. डिस्काउंट तोंडी असेल तर तो नाहीच असं समजा. गाडी कोणत्या महिन्यात बनलेली आहे हेही लिहून घ्या. गेल्या वर्षीच्या स्टॉकवर जास्त सूट मिळायला हवी, आणि विकताना त्या वर्षाचा फटका तुम्हालाच बसणार आहे. फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं.

शोरूममधूनच कर्ज घेतलं तर?

सोयीचं असतं, पण डीलरला त्यावर कमिशन मिळतं. आपल्या बँकेकडून आधी दर काढून ठेवा. नुसता ईएमआय विचारू नका, कारण मुदत वाढवली की तो कितीही छोटा दाखवता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी बँकेने आणि वित्तसंस्थेने एक मुख्य तथ्य विवरण देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, सोबत लावलेला विमा हे सगळं धरून वार्षिक खर्चाचा एकच टक्का लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्या टक्क्यावर करा. कर्जासोबतचा जीवन विमा न विचारता जोडलेला असेल तर काढायला सांगा.

इलेक्ट्रिक गाडीचं गणित वेगळं आहे का?

बरंच. जीएसटी ५ टक्के, राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार मोटार वाहन कर (रोड टॅक्स) माफ, आणि केंद्राने २०२१ पासून नोंदणी शुल्कही माफ केलेलं आहे. म्हणजे एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांत मुख्यतः विमा आणि किमतीप्रमाणे टीसीएस एवढाच फरक राहायला हवा. म्हणून इथे फुगवलेली ओळ चटकन दिसते. घरच्या चार्जरच्या जोडणीचा खर्च किमतीत आहे की वेगळा, केबल किती मीटरपर्यंत फुकट, सोसायटीच्या मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या वायरिंगचं काय, हे आधीच विचारा. खरा जादा खर्च तिथेच निघतो.

गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात नोंदणी करून टॅक्स वाचवता येईल का?

तिथे राहत किंवा व्यवसाय करत असाल तर तिथे नोंदणी करा. नसाल तर करू नका. सावंतवाडी, बांदा भागात हा सल्ला सर्रास दिला जातो. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला करही. खोटा पत्ता दिला असेल तर विम्याच्या दाव्याच्या वेळी तो अंगाशी येतो.

बदलीची नोकरी असलेल्यांसाठी सरळ रस्ता आहे: बीएच (भारत) मालिका, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा नंबर. सप्टेंबर २०२१ पासून ती सुरू आहे. केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचारी, संरक्षण दल, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात. कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि तो जीएसटी वगळून असलेल्या किमतीवर लागतो.

पैसे कसे भरावेत?

डीलरशिपच्या बँक खात्यावरच. सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको, तो कितीही जवळचा असला तरी. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि शेवटी प्रोफॉर्मावर (कच्च्या बिलावर) समाधान न मानता टॅक्स इन्व्हॉइस घ्या. अ‍ॅक्सेसरीजचं बिल वेगळं असू द्या.

गाडी घेऊन झाली आणि आता जादा पैसे गेल्याचं कळलं. काही करता येईल का?

येईल. आधी कोटेशन, टॅक्स इन्व्हॉइस, आरटीओची पावती आणि पॉलिसी एकत्र लावा आणि फरक किती ते काढा. डीलरला लेखी पत्र किंवा ईमेल करून तेवढी रक्कम परत मागा, पंधरा दिवसांची मुदत द्या, कंपनीला प्रत पाठवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. नोंदणीच्या नावाने जास्त घेतलं असेल तर स्थानिक आरटीओलाही लेखी द्या, कारण डीलरचं व्यवसाय प्रमाणपत्र तेच देतात. विम्याची सक्ती झाली असेल तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करता येते.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार तिथे चालते आणि ती तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे गाडी पुण्यात घेतली आणि राहायला साताऱ्यात असाल तर साताऱ्यातच. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही. गाडीसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. मुदत दोन वर्षांची आहे, तोवर सगळे कागद जपून ठेवा. शोरूममध्ये हाताने लिहून दिलेली चिठ्ठीसुद्धा.